टेस्टोस्टेरॉनच्या उपचारात रक्त ‘घट्ट’ झाले तर: रिपोर्ट कसा वाचायचा आणि पुढे काय करायचे

शरीरात टेस्टोस्टेरॉन कमी तयार होते म्हणून तुम्हाला, किंवा तुमच्या घरातल्या कोणाला, हे संप्रेरक बाहेरून सुरू केले आहे. काही महिन्यांनी रक्ताची तपासणी झाली आणि हिमोग्लोबिनपुढे किंवा पीसीव्हीपुढे वर जाणारा बाण दिसला. लॅबमधल्या माणसाने सांगितले, ‘रक्त घट्ट झालंय, डॉक्टरांना दाखवा.’ आता इंजेक्शन बंद करायचे का? रक्तदान करून यायचे का? की काही न करता पुढचा डोस घ्यायचा? या लेखात याच प्रश्नांची उत्तरे दिली आहेत.

थोडक्यात

• टेस्टोस्टेरॉनच्या उपचारात लाल रक्तपेशी वाढणे हा सर्वांत जास्त आढळणारा दुष्परिणाम आहे. तो अपेक्षित आहे, मोजता येतो आणि बहुतेक वेळा डोस किंवा औषधाचा प्रकार बदलून आटोक्यात येतो.
• पाहायचा मुख्य आकडा पीसीव्ही, म्हणजेच हिमॅटोक्रिट. तो ५४ टक्क्यांच्या वर गेला तर उपचार थांबवून कारण शोधावे लागते.
• आकडा वाढला तरी सुरुवातीला काहीच जाणवत नाही. म्हणून ‘मला बरं वाटतंय’ हा तपासणी टाळण्याचा आधार होऊ शकत नाही.
• घोरणे, विडी-सिगारेट, फुप्फुसांचे आजार, शरीरात पाणी कमी पडणे आणि मधुमेहाच्या काही गोळ्या यांनीही हा आकडा वाढतो. ही कारणे तपासल्याशिवाय सगळा दोष इंजेक्शनला देऊ नका.
• स्वतःहून इंजेक्शन बंद करणे, स्वतःहून रक्तदानाला जाणे आणि स्वतःहून ॲस्पिरिन सुरू करणे, या तिन्ही गोष्टी टाळा.

तालुक्याच्या गावातली खरी अडचण

शिरूर आणि दौंड भागातल्या रुग्णांच्या बाबतीत हा उपचार अनेकदा तीन ठिकाणी विभागलेला असतो. औषध लिहून देणारे हार्मोनतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञ पुण्यात, इंजेक्शन देणारा दवाखाना गावात आणि रक्त तपासणारी लॅब तिसरीकडे. नगर रस्त्याने किंवा दौंडहून रेल्वेने पुणे गाठायचे म्हणजे कामाचा पूर्ण दिवस जातो. मग पहिली भेट होते, चिठ्ठी मिळते आणि पुढचे वर्षभर गावातच त्या जुन्या चिठ्ठीवर इंजेक्शन चालू राहते. इंजेक्शन देणाऱ्यांना वाटते की तपासणी पुण्याचे डॉक्टर पाहत असतील. पुण्याच्या डॉक्टरांना वाटते की रुग्ण आला नाही म्हणजे उपचार थांबले असतील. मधल्या मध्ये पीसीव्हीकडे पाहणारे कोणीच उरत नाही.

म्हणून या उपचारात एक काम तुमच्याकडे, किंवा घरच्यांकडे, असायला हवे: एका वहीत इंजेक्शनची तारीख, डोस, रक्त दिल्याची तारीख, हिमोग्लोबिन आणि पीसीव्ही लिहून ठेवणे. ही वही ज्या ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांना दाखवा. एका रिपोर्टपेक्षा वर्षभराच्या चार आकड्यांतून डॉक्टरांना कितीतरी जास्त कळते.

रिपोर्टमध्ये नेमके काय पाहायचे?

या तपासणीला सीबीसी किंवा हिमोग्राम म्हणतात. त्यात बरेच आकडे असतात. तुमच्या कामाचे चार:

हिमोग्लोबिन: लाल पेशींमधला प्राणवायू वाहून नेणारा पदार्थ. प्रौढ पुरुषांत साधारण १३ ते १७ ग्रॅम.

पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट: दोन्ही नावे एकाच गोष्टीची. १०० मिली रक्तात लाल पेशींनी किती जागा व्यापली आहे, हे तो सांगतो. पुरुषांत साधारण ४० ते ५० टक्के. बाकीचे बहुतेक पाणीदार द्रव्य असते. पेशींचा वाटा वाढला की रक्त दाट होते. लोक ज्याला ‘रक्त घट्ट होणे’ म्हणतात ते हेच.

लाल पेशींची संख्या: या आकड्यावरून एकट्याने घाबरू नका. थॅलेसेमिया मायनर असलेल्या व्यक्तीत पेशी आकाराने लहान पण संख्येने जास्त असतात. अशा वेळी संख्येपुढे वरचा बाण येतो, पण हिमोग्लोबिन नेहमीइतके किंवा कमीच असते आणि रक्त दाट नसते.

पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट: टेस्टोस्टेरॉनमुळे मुख्यतः लाल पेशी वाढतात. लाल पेशींबरोबर या दोन्हीही वाढलेल्या असतील तर वेगळा आजार शोधावा लागतो. त्याबद्दल पुढे पाहू.

एक सोपा पडताळा लक्षात ठेवा. हिमोग्लोबिनला ३ ने गुणले की साधारण पीसीव्ही येतो. हिमोग्लोबिन १६ असेल तर पीसीव्ही ४८ च्या आसपास असावा. हिमोग्लोबिन १६ आणि पीसीव्ही ५४ असा रिपोर्ट आला, तर आधी नमुन्यात काही गडबड आहे का ते पाहावे.

टेस्टोस्टेरॉनमुळे लाल पेशी का वाढतात?

लाल पेशी हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात. त्यांना दोन गोष्टी लागतात: ‘पेशी तयार करा’ असा निरोप आणि कच्चा माल म्हणून लोह. निरोप मूत्रपिंडातून येतो, एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाच्या रूपाने. लोहाच्या कोठारावर यकृतातून येणाऱ्या हेप्सिडिनचा पहारा असतो. टेस्टोस्टेरॉन निरोप वाढवते आणि पहारा सैल करते. त्यामुळे मगजाला जास्त लोह मिळते आणि जास्त पेशी तयार होतात.

वयात येईपर्यंत मुलगे आणि मुली यांच्या हिमोग्लोबिनमध्ये फारसा फरक नसतो. नंतर पुरुषांचे जास्त होते, त्यामागे हेच एक कारण आहे. म्हणजे तुमचे शरीर काही विपरीत करत नाही. मिळालेल्या संप्रेरकाला ते नेहमीसारखाच प्रतिसाद देत आहे, फक्त प्रमाण जास्त झाले आहे.

पहिल्या काही महिन्यांत ही वाढ सर्वांत जास्त होते आणि साधारण वर्षभरात आकडा एका पातळीवर स्थिरावतो. लाल पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. त्यामुळे आज डोस कमी केला तरी पीसीव्ही पुढच्या आठवड्यात उतरत नाही. फरक दिसायला दोन-तीन महिने द्यावे लागतात.

घट्ट रक्ताचा धोका किती?

रक्त दाट झाले की त्याचा प्रवाह मंदावतो आणि नसांमध्ये गुठळी होण्याची शक्यता वाढू शकते. ही गुठळी पायाच्या नसेत, फुप्फुसात, हृदयात किंवा मेंदूत त्रास देऊ शकते. आधीच हृदयविकार असणे, पूर्वी गुठळी झालेली असणे, तंबाखू, लठ्ठपणा आणि बराच काळ अंथरुणाला खिळून राहणे यांनी धोका आणखी वाढतो.

२०२३ मध्ये ‘ट्रॅव्हर्स’ या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या आणि हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका जास्त असलेल्या ४५ ते ८० वयाच्या सुमारे ५,२०० पुरुषांचा त्यात समावेश होता. टेस्टोस्टेरॉन जेल वापरणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयाशी संबंधित मृत्यू यांचे प्रमाण ७.० टक्के होते, औषध नसलेले जेल वापरणाऱ्यांत ७.३ टक्के. म्हणजे याबाबतीत औषधामुळे नुकसान वाढले नाही. पण फुप्फुसात गुठळी जाण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ०.९ टक्के आणि न घेणाऱ्यांत ०.५ टक्के आढळले. हृदयाचे ठोके अनियमित होण्याच्या तक्रारीही औषधाच्या गटात जास्त होत्या.

हे आकडे वाचताना एक गोष्ट विसरू नका. त्या अभ्यासात सर्वांची नियमित रक्ततपासणी होत होती आणि हिमॅटोक्रिट ५४ च्या वर गेला की डोसमध्ये बदल केला जात होता. हा दिलासा तपासणीसह घेतलेल्या उपचारासाठी आहे. वर्षानुवर्षे न तपासता घेतलेल्या इंजेक्शनला तो लागू होत नाही.

कोणत्या प्रकारच्या औषधाने आकडा जास्त वाढतो?

• एनॅन्थेट किंवा मिश्र एस्टरची इंजेक्शने, जी दोन ते चार आठवड्यांनी घेतात: इंजेक्शननंतर काही दिवस पातळी खूप वर जाते आणि पुढचा डोस येईपर्यंत खाली घसरते. लाल पेशी वाढण्याचे प्रमाण याच प्रकारात सर्वांत जास्त दिसते, विशेषतः मोठा डोस एकदम दिला तर.
• अनडेकॅनोएटचे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन, साधारण १० ते १४ आठवड्यांनी: पातळी तुलनेने सपाट राहते. पण एकदा दिलेले औषध काढून घेता येत नाही. आकडा वाढला तर असर ओसरण्याची वाट पाहावी लागते.
• त्वचेवर लावायचे जेल: पातळी स्थिर राहते, पीसीव्ही तुलनेने कमी वाढतो आणि बंद केले की असर लवकर जातो. खर्च मात्र जास्त येऊ शकतो. जेल लावलेली त्वचा लहान मुलांना आणि स्त्रियांना लागणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

इंजेक्शन बदलून जेल घेणे किंवा मोठ्या डोसाऐवजी लहान डोस कमी अंतराने घेणे, हे उपाय डॉक्टर सुचवतात ते याच कारणाने.

आकडा वाढलेला आला: आधी तो खरा आहे ना, ते पाहा

पाणी कमी पडलेले असेल तर. लाल पेशी तेवढ्याच असतात, पण रक्तातले पाणी कमी झाल्याने पीसीव्ही वाढलेला दिसतो. एप्रिल-मे महिन्यांत उसाच्या रानात दिवसभर राबल्यावर, कुरकुंभ किंवा रांजणगावच्या कारखान्यात भट्टीजवळची पाळी करून आल्यावर, जुलाब-उलट्यांनंतर किंवा पालखीबरोबर यवत-वरवंडपर्यंत चालून आल्यावर लगेच दिलेले रक्त फसवे ठरू शकते. आदल्या दिवशी नेहमीसारखे पाणी प्या, रात्रीची झोप घ्या आणि सकाळी रक्त द्या. उपाशीपोटी यायला सांगितले असले तरी साधे पाणी चालते. मात्र मूत्रपिंड किंवा हृदयाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल तर तो नियम मोडू नका.

नमुना खूप वेळ पडून राहिला असेल तर. अनेक गावांत कलेक्शन सेंटरवर रक्त घेतात आणि तपासणीसाठी पुण्याला पाठवतात. नमुना उन्हाळ्याच्या उष्णतेत किंवा एक दिवसापेक्षा जास्त काळ राहिला तर लाल पेशी फुगतात आणि पीसीव्ही खोटा वाढतो. हिमोग्लोबिनवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून वर दिलेला तीनचा पडताळा उपयोगी पडतो. फेरतपासणी शक्यतो जिथे त्याच दिवशी मशीनवर तपासणी होते अशा ठिकाणी करा आणि पुढच्या वेळीही तीच लॅब ठेवा.

दुसऱ्या तपासणीतही आकडा तेवढाच आला, तर तो खरा समजून पुढची पावले उचलावी लागतात.

दुसरी कारणे शोधणे का महत्त्वाचे?

अनेकांच्या बाबतीत टेस्टोस्टेरॉन हे एकटे कारण नसते. आधीच काठावर असलेला आकडा ते पलीकडे ढकलते. अशा वेळी दुसरे कारण दूर केले तर चांगला लागू पडलेला उपचार चालू ठेवता येतो.

झोपेत श्वास अडकणे. मोठ्याने घोरणे, मधेच श्वास थांबणे, दचकून जाग येणे, सकाळी डोके जड असणे, दिवसा बसल्या जागी डुलकी लागणे. रात्री वारंवार प्राणवायू कमी पडला की शरीर जास्त लाल पेशी बनवते. ही गोष्ट रुग्णाला स्वतःला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला कळते. म्हणून पत्नीने किंवा मुलांनी डॉक्टरांना हे मोकळेपणाने सांगावे. झोपेची तपासणी करून निदान होते आणि वजन कमी करणे, सीपॅप यंत्र असे उपचार करता येतात.

विडी, सिगारेट आणि धूर. धुरातला कार्बन मोनॉक्साइड लाल पेशींमधली प्राणवायूची जागा अडवतो. ती तूट भरून काढायला शरीर पेशी वाढवते. दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर चुलवणापुढे तासन् तास जाळ घालणाऱ्यांनी आणि बंद खोलीत चूल वापरणाऱ्यांनी हेही डॉक्टरांना सांगावे. मिश्री आणि चघळायच्या तंबाखूत हा वायू नसतो, त्यामुळे त्यांनी पीसीव्ही अशा प्रकारे वाढत नाही. पण हृदयाचा आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका त्यांनी वाढतो, म्हणून ती सवयही सुटायलाच हवी.

फुप्फुसांचे जुने आजार. चालताना दम लागणे, जुना खोकला किंवा पूर्वी झालेल्या क्षयरोगामुळे खराब झालेला फुप्फुसाचा भाग. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर प्राणवायू नेहमी कमी दिसत असेल तर त्या दिशेने तपासणी करावी लागते.

औषधे. मधुमेहासाठी दिल्या जाणाऱ्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या पीसीव्ही काही टक्क्यांनी वाढवतात. टेस्टोस्टेरॉनबरोबर घेतल्यास दोन्हींची भर पडते. लघवी जास्त करायच्या गोळ्यांनी रक्तातले पाणी कमी होऊन आकडा वाढलेला दिसू शकतो. हृदय आणि मूत्रपिंडासाठी या गोळ्या मोलाच्या असतात, म्हणून स्वतः बंद करू नका. फक्त दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या औषधांची माहिती असू द्या.

रक्ताचा मूळ आजार. पॉलिसायथेमिया व्हेरा या आजारात मगज स्वतःहूनच जास्त पेशी बनवतो. गरम पाण्याने अंघोळ केल्यावर अंगाला खाज, प्लीहा वाढणे, पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेटही वाढलेल्या असणे, किंवा टेस्टोस्टेरॉन थांबवूनही आकडा खाली न येणे, या खुणा दिसल्या तर एरिथ्रोपोएटिनची पातळी आणि जेएके२ ही तपासणी करतात. या आजाराच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांत जेएके२ मध्ये ठरावीक बदल सापडतो.

आकड्यानुसार साधारण काय केले जाते?

अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना या विषयात जगभर वापरल्या जातात. त्यांच्या आणि रोजच्या वैद्यकीय व्यवहाराच्या आधारे ढोबळ चित्र असे:

• उपचारापूर्वी ४८ टक्क्यांपेक्षा जास्त: लगेच सुरुवात करत नाहीत. आधी कारण शोधतात.
• उपचार चालू असताना ५० पर्यंत: उपचार चालू, ठरलेल्या वेळी तपासणी.
• ५० ते ५४: वरची कारणे तपासतात आणि टेस्टोस्टेरॉनची पातळी पाहतात. ती गरजेपेक्षा जास्त असेल किंवा आकडा चढत असेल तर डोस कमी करतात, अंतर बदलतात किंवा जेलवर नेतात. काही आठवड्यांनी फेरतपासणी.
• ५४ च्या वर: आकडा सुरक्षित पातळीवर येईपर्यंत उपचार थांबवतात, प्राणवायूची कमतरता आणि झोपेतला श्वास तपासतात. नंतर कमी डोसाने पुन्हा सुरुवात करता येते.

पूर्वी गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका झालेला असेल तर डॉक्टर याहून कमी आकड्यालाही पावले उचलू शकतात.

समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. ४८ वर्षांच्या गृहस्थांना दर दोन आठवड्यांनी २५० मिलिग्रॅम एनॅन्थेट चालू आहे. सुरुवातीला पीसीव्ही ४५ होता, सहा महिन्यांनी ५३ आला. फेरतपासणीतही ५३. दोन इंजेक्शनांच्या मधल्या दिवशी टेस्टोस्टेरॉन मोजले तर गरजेपेक्षा बरेच जास्त निघाले. घरच्यांनी सांगितले की ते मोठ्याने घोरतात. डॉक्टरांनी डोस कमी केला आणि झोपेची तपासणी लिहून दिली. विडी सोडायला मदत केली. तीन महिन्यांनी पीसीव्ही ४९ झाला आणि उपचारही चालू राहिला. बहुतेकांची वाट साधारण अशीच असते.

टेस्टोस्टेरॉनची पातळी मोजायचा दिवसही महत्त्वाचा आहे. एनॅन्थेट घेत असाल तर दोन डोसांच्या मध्यावर, अनडेकॅनोएटचे इंजेक्शन घेत असाल तर पुढच्या डोसाच्या अगदी आधी. इंजेक्शननंतर दोन-तीन दिवसांत मोजलेली पातळी दिशाभूल करते.

रक्त काढणे आणि रक्तदान: एकच गोष्ट नाही

आकडा खूप वाढलेला असेल किंवा लक्षणे असतील तर डॉक्टर ठरावीक प्रमाणात रक्त काढायला सांगू शकतात. एक पिशवी रक्त काढल्यावर पीसीव्ही साधारण ३ टक्क्यांनी उतरतो. हा उपचार डॉक्टरांच्या लेखी सूचनेवरून, रुग्णालयात किंवा रक्तकेंद्रात, रक्तदाब पाहूनच करायचा असतो.

काही जण मात्र परस्पर गावातल्या शिबिरात जाऊन रक्तदान करतात आणि इंजेक्शन त्याच डोसाने चालू ठेवतात. यात तीन अडचणी आहेत. पहिली, मूळ कारण तसेच राहते आणि आकडा पुन्हा चढतो. दुसरी, दर वेळी शरीरातले लोह जाते. पीसीव्ही वर असूनही लोह संपत गेल्याने थकवा, पाय अस्वस्थ होणे, केस गळणे असे त्रास होऊ शकतात. मग त्यासाठी लोहाच्या गोळ्या घेतल्या की पेशी पुन्हा वाढतात. तिसरी, आपल्याकडे पुरुषांना दोन रक्तदानांमध्ये ९० दिवसांचे अंतर ठेवावे लागते, त्यामुळे हा मार्ग भरवशाचा नाही.

रक्तदान हे पुण्याचे काम आहेच. पण ते करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि रक्तकेंद्रातल्या डॉक्टरांना चालू उपचाराची खरी माहिती द्या.

हे स्वतःहून करू नका

• इंजेक्शन एकदम बंद करणे. थकवा, उदासी आणि कामेच्छा कमी होणे पुन्हा सुरू होते. पिट्यूटरी ग्रंथीच्या किंवा वृषणाच्या आजारामुळे उपचार चालू असेल तर पर्यायी योजना आधी ठरायला हवी.
• ॲस्पिरिन किंवा ‘रक्त पातळ करायची’ गोळी सुरू करणे. या गोळ्या गुठळी होण्याची प्रक्रिया रोखतात, लाल पेशी कमी करत नाहीत. पीसीव्ही तेवढाच राहतो आणि पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.
• ताकदीसाठी लोहाचे टॉनिक घेणे. लोह कमी असल्याचे तपासणीत दिसले आणि डॉक्टरांनी सांगितले तरच घ्या. रोजच्या जेवणातल्या पालेभाज्या, खजूर, गूळ सोडायची मात्र गरज नाही.
• भरपूर पाणी पिऊन आकडा ‘धुऊन काढणे’. पाणी कमी पडल्याने वाढलेला आकडा पाण्याने सुधारतो, पेशी वाढल्याने वाढलेला नाही.
• व्यायामशाळेतल्या ओळखीतून मिळालेली इंजेक्शने. टेस्टोस्टेरॉन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचे औषध नाही. दंड भरण्यासाठी घेतलेले डोस उपचाराच्या डोसापेक्षा कितीतरी मोठे असतात आणि तपासणी कोणीच करत नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतले की शुक्राणू तयार होणेही मंदावते किंवा थांबते. मूल हवे असलेल्या तरुणांनी हे आधी डॉक्टरांशी बोलावे. कोणी असे इंजेक्शन आधीच घेत असेल तर लपवू नका, सांगा. डॉक्टर रागावण्यासाठी नाही, योग्य तपासणी करण्यासाठी विचारतात.

ताबडतोब कधी जायचे?

खालीलपैकी काहीही झाले तर उद्याची किंवा पुण्याच्या भेटीची वाट पाहू नका. १०८ वर फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा.

• एका पायाच्या पोटरीला अचानक सूज, दुखणे, गरमपणा
• अचानक दम लागणे, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त
• छातीत दाब किंवा जडपणा, तो हातात किंवा जबड्यात जाणे, घाम फुटणे
• तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे
• अचानक एका डोळ्याने दिसेनासे होणे

पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. शिरूर किंवा दौंडहून प्रवासाचा वेळ धरला तर घरी थांबायला वेळ उरत नाही. लक्षण सुरू झाल्याची वेळ घड्याळात पाहून ठेवा आणि टेस्टोस्टेरॉन चालू असल्याचे तिथल्या डॉक्टरांना सांगा.

सतत डोकेदुखी, चक्कर, कानात आवाज, चेहरा लालसर होणे किंवा नजर धूसर होणे अशी लक्षणे असतील तर एक-दोन दिवसांत रक्त तपासून डॉक्टरांना भेटा.

तपासणीचे वेळापत्रक

• उपचार सुरू करण्यापूर्वी: सीबीसी. टेस्टोस्टेरॉन कमी असल्याचे निदान दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी केलेल्या तपासण्यांवरून झाले आहे ना, हेही विचारा.
• सुरू केल्यावर ३ ते ६ महिन्यांनी: सीबीसी आणि टेस्टोस्टेरॉन.
• नंतर आकडा स्थिर असेल तर वर्षातून एकदा.
• डोस किंवा प्रकार बदलल्यावर: साधारण ३ महिन्यांनी पुन्हा.
• मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल तर: सर्जन आणि भूलतज्ज्ञांना उपचाराची माहिती द्या.

सीबीसी ही स्वस्त आणि तालुक्याच्या गावातही होणारी तपासणी आहे. प्रत्येक वेळी पुण्याला जाणे जमत नसेल तर रक्त गावात तपासा, रिपोर्ट फोनवर पाठवा आणि पुढचा डोस घ्यायचा की नाही हे विचारून घ्या. इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांनाही वही दाखवा. शेवटची तपासणी सहा महिन्यांपूर्वीची असेल आणि आकडा काठावर असेल, तर आधी रक्त द्या, मग इंजेक्शन घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आकडा वाढला म्हणजे मला कर्करोग झाला का?
टेस्टोस्टेरॉनमुळे वाढलेल्या लाल पेशी म्हणजे कर्करोग नव्हे. पॉलिसायथेमिया व्हेरा हा वेगळा आजार आहे आणि वरील खुणा असतील तरच त्याची तपासणी करतात.

आयुष्यभर उपचार बंद ठेवावा लागेल का?
बहुतेकांना नाही. कमी डोस, वेगळा प्रकार आणि दुसऱ्या कारणांवर उपाय यांनी पुन्हा सुरुवात करता येते. काहींना मात्र प्रत्येक वेळी आकडा वर जातो. त्यांच्यासाठी फायदा आणि धोका तोलून डॉक्टर वेगळा निर्णय घेतात.

ट्रान्स पुरुषांनाही हे लागू होते का?
हो. टेस्टोस्टेरॉन घेताना त्यांच्यातही पीसीव्ही वाढतो. काही महिन्यांनंतर त्यांचा रिपोर्ट पुरुषांच्या मर्यादेशी ताडून पाहावा लागतो. लॅबच्या कागदावर ‘स्त्री’ असे छापले असेल तर बाण विनाकारण वर दिसू शकतो.

पुढच्या भेटीला जाताना

वही, आधीचे सगळे रिपोर्ट, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे आणि इंजेक्शनचा रिकामा खोका बरोबर घ्या. खोक्यावर औषधाचा प्रकार आणि डोस लिहिलेला असतो. शक्य असेल तर घरातली अशी व्यक्ती सोबत न्या जिला तुमच्या घोरण्याची माहिती आहे. आणि उठण्यापूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: माझा पीसीव्ही किती आहे, पुढची तपासणी कोणत्या महिन्यात करायची, आणि तोपर्यंत कोणत्या आकड्याला इंजेक्शन थांबवून तुम्हाला फोन करायचा? तिन्ही उत्तरे वहीत लिहून घ्या.

ही माहिती समजून घेण्यासाठी आहे. तुमचा डोस आणि उपचार तुमच्या तपासणीवरून तुमचे डॉक्टरच ठरवतील.